आमचे तात्या (निवृत्त रेसर) गेले

गोधडी

तात्यांना जाऊन काल एक महिना झाला. लिहायचं लिहायचं म्हणत होते, पण लिहायला बसले की आधी पाय कुठे ठेवतोय ते खाली बघते. टेबलाखाली कोणी नाही हे पायांना अजून कळलेलं नाही.

तात्या म्हणजे आमचा ग्रेहाउंड. शर्यतीतून निवृत्त झालेला, काळाभोर, ३२ किलोचा. आमच्याकडे आला तेव्हा साडेचार वर्षांचा होता, पण हनुवटी पार पांढरी. ग्रेहाउंड तसे लवकरच पिकतात. त्यात चेहरा असा की आत्ताच पेन्शनच्या कामासाठी चकरा मारून आलेत. नाव ठेवायची वेळच आली नाही, पहिल्याच दिवशी तोंडातून "तात्या" निघून गेलं. मग तात्यांना अरे-तुरे कसं करणार? "तात्या, सरकता का जरा?", "तात्या, बाहेर जाऊन येता का?" असं सुरू झालं. एरवी त्याच्याबद्दल बोलताना एकेरीच, पण समोर अहो-जाहो. त्याचं शर्यतीतलं नाव तीन शब्दांचं आणि भारदस्त होतं. त्या नावाने हाक मारली तर ढिम्म हलायचा नाही.

जन्म आयर्लंडचा. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला हिरव्या शाईने गोंदलेली अक्षरं होती. इंग्लंडच्या ट्रॅकवर धावणारे बहुतेक कुत्रे तिकडूनच येतात. साडेचार वर्षं केनेल, गाडी आणि ट्रॅक, यापलीकडे जग बघितलेलं नाही. त्यामुळे घर नावाची वस्तू त्याला सगळी पहिल्यापासून शिकायची होती. पहिल्या संध्याकाळी काचेच्या दारावर नाक आपटलं. लागलं काही नाही, पण पुढचे दोन दिवस ते दार सताड उघडं असलं तरी समोर उभा. आत-बाहेर करून दाखवलं, पडदा लावला, काढला. शेवटी मी काचेवर कागदाचे चौकोन चिकटवले, तेव्हा स्वारीची खात्री पटली.

जिन्याचं मात्र विचारू नका. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या मागोमाग झपझप वर गेला. वर पोचल्यावर वळून खाली बघितलं आणि तोंडातून पिपाणीसारखा आवाज काढला. एवढं मोठं जनावर आणि एवढासा आवाज! रात्रीचे अकरा वाजलेले. मी खालच्या पायरीवर उलटी बसून पुढचा डावा पाय धरून खाली ठेवते, नवरा मागचा उजवा. मग पुढचा उजवा. तेरा पायऱ्यांना पंचवीस मिनिटं लागली. तात्या पूर्ण वेळ भिंतीकडे बघत होते, जणू हा प्रकार दुसऱ्याच कुणाच्या पायांना चालला आहे. खाली आल्यावर पाणी प्यायला, अंग झाडलं आणि परत वर गेला.

बसायला तो कधीच शिकला नाही. मांड्यांचे स्नायू असे की ग्रेहाउंडला ढुंगण टेकून बसणं सोयीचंच नसतं, एक तर उभं नाहीतर आडवं. शिकवणीच्या वर्गात बाकीचे सगळे कुत्रे "बस" म्हटल्यावर टपाटप बसायचे आणि आमचे तात्या मुलीकडच्या मंडळींसारखे मध्ये अवघडून उभे.

लोकांचे प्रश्न ठरलेले. पहिला, "रोज किती पळवावं लागतं हो याला?" अजिबात नाही. वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन फेऱ्या, त्यातही मध्येच कुठेतरी पुतळा व्हायचा. काही दिसलं नाही, वास नाही, नुसता थांबला. ओढून उपयोग नाही, त्याच्या मनात येईल तेव्हा निघणार. बाकी वेळ झोप. उताणा, चारी पाय वर, मान वाकडी, तोंड अर्धवट उघडं. नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटावं की गेलाच.

दुसरा प्रश्न, "किती शर्यती जिंकला?" हे मला माहीत नव्हतं आणि करून घ्यायचंही नव्हतं.

धावताना मी त्याला एकदाच नीट बघितलं. चहूबाजूंनी उंच कुंपण असलेलं एक मैदान तासाभरासाठी घेतलं होतं. पहिली दहा मिनिटं गवत हुंगण्यात गेली. मग काय झालं कोण जाणे, मान खाली गेली, पाठीची कमान झाली आणि सुटला. धावताना ग्रेहाउंडचे चारी पाय एका झेपेत दोनदा जमिनीवरून सुटतात असं वाचलं होतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही, ऐकू येतं. दडदड, मग काहीच नाही, मग दडदड. आणि अख्खं मैदान मोकळं असताना तो गोलच धावला. डावीकडे, डावीकडे, डावीकडे. ट्रॅकवर घड्याळाच्या उलट्या दिशेनेच धावतात. तीन फेऱ्या झाल्यावर माझ्यापाशी येऊन थांबला आणि सगळं अंग माझ्या मांडीवर रेलून दिलं. हा त्याचा एकमेव लाड. चाटणं नाही, उड्या नाहीत. येऊन शेजारी उभं राहायचं आणि हळूहळू भार टाकायचा. त्या दिवशी त्याच्या छातीचे ठोके मला गुडघ्यात लागत होते. संध्याकाळी मागचा उजवा घोटा सुजला. तोच पाय वळणावर मोडून त्याची कारकीर्द संपली होती. परत कधी त्या मैदानात नेलं नाही.

साडेपाच वर्षं होता आमच्याकडे. या वर्षी पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. मुरगळला असेल म्हणून वेदनाशामक दिलं, दहा दिवस वाट बघितली. हे दहा दिवस मला छळतात. एक्स-रे काढला तर मनगटाच्या वरचं हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखं दिसत होतं. ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कॅन्सर. पाय काढायचा आणि केमोथेरपी द्यायची हा एक मार्ग होता. पण दहा वर्षांचा कुत्रा, मागचा उजवा पाय आधीच अधू, मग उभा कशावर राहणार? आणि तात्यांना बसता येत नव्हतं. आम्ही नाही म्हटलं. पुढे एकोणीस दिवस मिळाले.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. तात्या लंगडत दारापर्यंत गेला आणि त्यांच्या पायाला टेकून उभा राहिला. त्या दोन मिनिटं काही न बोलता तशाच उभ्या होत्या, बॅग हातात धरून. मग त्याच्या गादीवर सगळं झालं. ग्रेहाउंडची कातडी इतकी पातळ की शीर शोधावी लागत नाही.

आता विचारायचं ते विचारते. कानातल्या अक्षरांवरून नवऱ्याने त्याची सगळी कुंडली शोधून काढली आहे. ४१ शर्यती, ३ विजय. बऱ्याच शर्यतींचे व्हिडिओ आहेत. तो म्हणतो, एकदा बघ. मला हिंमत होत नाही. तुम्ही बघितलं असतं का?

---

झुळूक

गोधडी, काय लिहू? बसता येत नव्हतं तिथे थांबले थोडा वेळ.

आमच्याकडे दोन येऊन गेल्या. पहिली खूश झाली की दात वाजवायची, कडकड कडकड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थंडी वाजतेय समजून मी तिच्यावर शाल टाकली होती. दुसरी डोळे उघडे ठेवून झोपायची. एकदा मुलाने झोपेत हात लावला तर दचकून गुरगुरली आणि मग स्वतःच घाबरून कोपऱ्यात जाऊन बसली (म्हणजे उभी राहिली). केनेलमध्ये झोपेत त्यांना कोणी येऊन कुरवाळत नाही. तेव्हापासून घरात नियम : आधी हाक, मग हात. ती गेली तरी मुलगा अजून मला झोपेतून उठवताना आधी लांबून हाक मारतो.

व्हिडिओचं सांगता येत नाही. मी बघितला नव्हता.

पारावरचा

वाईट वाटलं वाचून. एक बाळबोध प्रश्न, राग मानू नका. या कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधलेली दिसते, म्हणजे चावरे असतात का? आणि आपल्याकडचा कारवान आणि हा एकच का? दिसायला तर भाऊ-भाऊ.

गोधडी

राग कसला. चावरे नसतात, तात्या तर शेजारच्या मांजराला रस्ता द्यायचा (सगळे देत नाहीत, तेवढं खरं. लहान पळती वस्तू दिसली की काहींचा ताबा जातो, म्हणून मोकळ्यावर पट्टा सोडायचा नाही.) जाळी शर्यतीत एकमेकांना ओरबाडू नये म्हणून, आणि शेवटच्या रेषेवर कोणाचं नाक आधी आलं ते स्पष्ट दिसावं म्हणूनही. त्याला जाळीचं काहीच वाटायचं नाही. जाळी दिसली की फिरायला जायचं असं समजून स्वतः तोंड घालायचा.

कारवान वेगळा, पण कूळ तेच म्हणायला हरकत नाही : वासापेक्षा नजरेने शिकार धरणारे, लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. कारवान सशामागे रानात दिवसभर राबेल. ग्रेहाउंड अर्ध्या मिनिटाचा गडी. ताशी ६०-७० किलोमीटरपर्यंत जातो आणि मग दिवसभर आडवा.

नस्ती_उठाठेव

गोधडी, तुमच्या दुःखाचा आदर ठेवून लिहितोय, पण या धाग्यावर कोणीतरी हे लिहायला हवं. साडेचार वर्षांच्या कुत्र्याला जिना माहीत नाही, काच माहीत नाही, हे वाचताना आपण हसतो. हसू यायला नको. हे सगळं कशासाठी, तर तीस सेकंदांच्या पैजेसाठी.

हा खेळ काही पुरातन नाही. ज्याच्या मागे हे कुत्रे धावतात तो यांत्रिक ससा अमेरिकेतल्या ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी बनवला, १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला ट्रॅक सुरू झाला. इंग्लंडात पहिली शर्यत मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला, २४ जुलै १९२६. म्हणजे पुरी शंभर वर्षंही झाली नव्हती तोवर २०२० मध्ये बेल व्ह्यू बंद झालं. मधल्या काळात लोकांनी एकाच कुत्र्याला डोक्यावर घेतलं, मिक द मिलर. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं डर्बी (तिकडची सर्वांत मानाची ग्रेहाउंड शर्यत) जिंकला, मेल्यावर त्यात पेंढा भरून इंग्लंडातल्या ट्रिंगच्या म्युझियममध्ये ठेवला, अजून तिथे आहे. आणि बाकीचे? २००६ मध्ये संडे टाइम्सने छापलं की इंग्लंडच्या ईशान्येला सीहॅम गावात एक माणूस निवृत्त ग्रेहाउंड मारून स्वतःच्या जमिनीत पुरत होता. एक-दोन नव्हे, हजारो, वर्षानुवर्षं. आणि शिक्षा झाली ती कुत्रे मारल्याबद्दल नाही. परवाना नसताना जमिनीत कचरा पुरला म्हणून दंड झाला. कायद्याच्या लेखी ते कचरा होते.

तुम्ही दत्तक घेता तेव्हा त्या धंद्याला "बघा, आमचे कुत्रे सोफ्यावर आरामात आहेत" असं म्हणायला मिळतं. हे कुठेतरी टोचतं की नाही?

तिसरी_घंटा

नस्ती, माहिती पटली, निष्कर्ष नाही पटला. समोरचा कुत्रा धंद्याचं धोरण ठरवत नाही, त्याला गादी हवी असते. आणि धंदा बंद झाला तरी कुत्रे असतातच की. फ्लोरिडात २०१८ मध्ये जवळपास ६९ टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने मत दिलं, २०२० अखेर ट्रॅक बंद झाले. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये वीस महिन्यांत बंद करणार असं जाहीर केलं. वीस महिने कशासाठी दिले? तर कुत्र्यांना घरं शोधायला. मंत्र्यांच्या सहीने ट्रॅक बंद होतो, कुत्रा नाहीसा होत नाही. उलट मागे फिरण्याचंही उदाहरण आहे : ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने जुलै २०१६ मध्ये बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये मागे घेतली. अशा वेळी दत्तक घेणारे नसते तर त्या तीन महिन्यांत काय झालं असतं?

आणि एक. गोधडींच्या शोकाच्या धाग्यावर हा वाद घालायचा होता का?

गोधडी

घाला हो वाद. तात्यांच्या धाग्यावर कोणीतरी जोरात धावलं पाहिजे, ते स्वतः तर काही धावायचे नाहीत.

नस्ती, टोचतं. रोज टोचायचं. उजवा घोटा थंडीत दुखायचा तेव्हा तर फारच. पण ती टोचणी मी त्याच्यावर कशी काढणार? त्याला आणलं तेव्हा तो धावून मोकळा झालेला होता.

सुईदोरा

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे दहा दिवसांबद्दल दोन शब्द.

गोधडी, एक्स-रेमध्ये हाड विरलेलं दिसायला त्यातली तीस ते पन्नास टक्के खनिजं जावी लागतात. म्हणजे पहिल्याच दिवशी फोटो काढला असता तर कदाचित "काही दिसत नाही, मुरगळलं असेल" असं तज्ज्ञानेही सांगितलं असतं. शिवाय निदान होतं तोपर्यंत बहुतेक कुत्र्यांमध्ये हा कॅन्सर फुप्फुसात सूक्ष्म रूपाने पोचलेला असतो, जरी छातीचा फोटो स्वच्छ दिसला तरी. दहा दिवसांनी काही बदललं नसतं, एवढं मी खात्रीने म्हणेन. ग्रेहाउंडमध्ये, त्यातही शर्यतीतल्या, हा आजार इतर जातींपेक्षा बराच जास्त दिसतो. मनगटाच्या वर किंवा खांद्याशी, ही नेहमीची जागा. आता कोणाच्या ग्रेहाउंडचं लंगडणं आठवड्याभरात थांबलं नाही तर फोटो काढा आणि पहिला स्वच्छ आला तरी दोन-तीन आठवड्यांनी परत काढा.

विषय निघालाच आहे तर ज्यांच्याकडे ग्रेहाउंड आहे त्यांच्यासाठी. यांचं रक्त इतर कुत्र्यांसारखं नसतं. तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडचं टी-फोर (रक्तातलं संप्रेरक) तर इतकं कमी की न कळणारा डॉक्टर गोळ्या सुरू करतो आणि धडधाकट कुत्रा आयुष्यभर त्या खातो. भूल देताना जुनी थायोपेंटल यांच्या अंगातून फार हळू उतरते, म्हणून हल्ली वेगळी औषधं वापरतात. आणि साधी शस्त्रक्रिया, अगदी दात काढणं असलं, तरी एक-दोन दिवसांनी अचानक रक्त झिरपू लागण्याची प्रवृत्ती यांच्यात असते. ऑपरेशन छान झालं म्हणून निर्धास्त राहू नका, दुसऱ्या दिवशी कुत्रा बघा.

या रक्ताचा एक फायदाही. बऱ्याच ग्रेहाउंडचा रक्तगट असा असतो की तो जवळजवळ कुठल्याही कुत्र्याला चालतो, पेशी भरपूर, मानेची शीर ठळक, आणि टेबलावर आडवं केलं की गप्प पडून राहतात. आमच्याकडे एक लाल-पिवळी मादी यायची, एका वेळी ४५० मिलिलिटर द्यायची आणि वर शेपटी हलवून बाहेर पडायची.

गोधडी

सुईदोरा, तुमचा पहिला परिच्छेद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने काही म्हटलं नाही, उठून तुमच्यासाठी असल्यासारखा चहा टाकला. धन्यवाद.

शेंडेफळ

मीही निवृत्त रेसरची आई! आमची इथे ऑस्ट्रेलियात, शर्यतीत कुत्र्यांना घालतात त्या जॅकेटचे रंग इथे वेगळे. गोधडी, मी तर आल्या आल्या सगळी कुंडली वाचून काढली होती. व्हिडिओ राहू द्या बाजूला, पण तो तक्ता वाचलात का? प्रत्येक शर्यतीपुढे एका ओळीत शेरा असतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा. माझीच्या पुढे दर वेळी "वाइड", म्हणजे आतली कड सोडून बाहेरून लांबचा रस्ता धरला. आमच्या घरात ही अजूनही स्वयंपाकघरात टेबलाला वळसा घालून बाहेरूनच येते!

तात्यांचे शेरे टाका ना.

गोधडी

शेंडेफळ, तुमच्यामुळे काल रात्री तक्ता उघडला. व्हिडिओ नाही, फक्त तक्ता.

४१ पैकी २६ ओळींत पहिली तीन अक्षरं एकच : एस-ए-डब्ल्यू. नवऱ्याने अर्थ सांगितला, "स्लो अवे". शर्यत सुरू होताना पेटीचं दार उघडलं तरी निघायला उशीर. मी इतकी हसले की तो वरून खाली आला. सकाळी फिरायला जायचं म्हणून आपण कोट घालायचा, बूट घालायचे, दार उघडायचं, पट्टा खुळखुळवायचा. मग तात्या एक डोळा उघडणार. म्हणजे तो आळस आमच्या लाडाने आलेला नव्हता, मुळातला होता! त्याच्यावर पैसे लावलेल्या लोकांबद्दल पहिल्यांदा सहानुभूती वाटली.

बाकी शेरे "क्राउडेड", पहिल्या वळणावर गर्दीत सापडला. "चेक्ड", म्हणजे समोरच्याला धक्का लागू नये म्हणून आवरलं. हा शेरा फार वेळा आहे. तीन विजयांपैकी एका ठिकाणी "रॅन ऑन", शेवटी शेवटी जोर केला. ती शर्यत त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीची आहे, हा एक योगायोग.

शेवटच्या ओळीत दोनच गोष्टी आहेत. पहिल्या वळणावर धक्का. आणि "लेम".

तो व्हिडिओ मी कधीच बघणार नाही, हे ठरलं.

पारावरचा

"चेक्ड" वाचून बरं वाटलं. जिंकायला आलेला आणि मध्येच "तुम्ही व्हा पुढे" म्हणणारा. नाव अगदी बरोबर ठेवलंत.

नस्ती_उठाठेव

माझ्या वरच्या प्रतिसादातला सूर या धाग्यावर जरा चढा लागला. मुद्दा मागे घेत नाही, सूर घेतो.

गोधडी, शेवटची सोडून एखादी बघा. वाटलं तर आवाज बंद करून, समालोचक फार ओरडतात.

झुळूक

मी वर म्हटलं मी बघितला नव्हता. खरं सांगायचं तर दुसरी गेल्यावर शोधायला गेले होते, तोवर तो ट्रॅकच बंद पडला होता आणि मला काहीच सापडलं नाही. तुमच्याकडे आहे तर उतरवून घरात जपून ठेवा, बघायचं की नाही ते नंतर ठरवा.

खारीचा_वाटा

वाचतेय फक्त. जिन्याचा परिच्छेद तीनदा वाचला.

पुढे कधी दुसरा आणणार का? घाई नाही, सहज विचारलं.

गोधडी

खारीचा वाटा, माहीत नाही. जाळी अजून खुंटीवरच आहे. काचेवरचे कागदाचे चौकोनही काढले नाहीत, साडेपाच वर्षांत त्यांचा गोंद पिवळा पडलाय. कागद काढायला घेतला तर काच स्वच्छ होईल आणि मला ते नको आहे. सध्या एवढंच.

गोधडी

काल बघितला. "रॅन ऑन"वाला नाही. त्यात जिंकतो हे माहीत होतं. यादीतली मधलीच एक शर्यत निवडली, शेरा नेहमीचा एस-ए-डब्ल्यू, चौथा क्रमांक. नस्तींचं ऐकून आवाज बंद केला. नवरा शेजारी.

मला वाटलं होतं सरळ धावणंच दिसेल. पण शर्यतीआधी सहाही कुत्र्यांना प्रेक्षकांसमोरून फिरवतात. पांढरे कोट घातलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात एकेक कुत्रा. लाल, निळा, पांढरा, काळा जॅकेटवाला, मग पाच नंबर : नारिंगी जॅकेटमध्ये काळा तात्या. हनुवटी तेव्हा काळीच होती. नवरा म्हणाला, "बघ, किती बारीक होता". मी काही बोलले नाही, कारण तो चालता चालता मध्येच पुतळा झाला होता. सहा नंबरवाला मागून येऊन अडला. त्याच्या पट्ट्याला धरलेली मुलगी, विशीचीही नसेल, ओढत नाही. उभी राहिली, त्याच्या मनात येईपर्यंत. तिला माहीत होतं.

पेट्यांपाशी पोचले. एकेक कुत्रा आत घालतात, तोवर बाकीचे थांबतात. बाकीचे चार ओरडतायत, उड्या मारतायत, पट्टा ताणतायत. ती मुलगी दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होती, मान वळवून. आणि तात्याने हळूच एक पाऊल बाजूला टाकलं आणि तिच्या मांडीवर भार टाकला. पूर्ण. ती किंचित हलली, मग पाय रोवून उभी राहिली. बोलणं न थांबवता, न बघता तिचा हात खाली आला आणि डाव्या कानामागे गेला. तिथेच. जिथे मी खाजवायचे.

मग पेट्या उघडल्या. पाच जण बाहेर पडले. मग तात्या.

पुढचं मी नीट बघितलं नाही. व्हिडिओ मागे नेला आणि तो बाजूला पाऊल टाकतो तिथपासून परत लावला. नवऱ्याने विचारलं, "शर्यत नाही बघायची?" म्हटलं, थांब जरा.